हाताला काम हवे, पण डोके गहाण टाकून नव्हे

दरवर्षी जून महिना उजाडला की पालघर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दारांशी प्रवेशासाठी रांगा लागतात. या रांगांत डहाणू-तलासरीकडून गाडीने आलेली वारली मुले असतात, सातपाटी-वडराईच्या मच्छीमारांची मुले असतात, जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतून बारावी होऊन आलेल्या मुली असतात. यांतील अनेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले. आणि नेमक्या याच सुमारास वर्तमानपत्रांतून व व्यासपीठांवरून एक उपदेश त्यांच्या कानी पडू लागतो. पुस्तकी शिक्षणाचे दिवस संपले, सिद्धान्त घोकून कोणाचे पोट भरत नाही, उच्च शिक्षणाने आता तत्त्वचर्चा सोडून नोकरीला उपयोगी पडेल असे कौशल्य शिकवावे, असा त्या उपदेशाचा सारांश असतो. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत हाताच्या अंतरावर असताना इतिहास नि राज्यशास्त्र कशाला शिकता, असा प्रश्न या मुलांना विचारला जातो.

हा उपदेश करणाऱ्यांत राज्यकर्ते आहेत, कारखानदार आहेत आणि विद्यार्थ्यांचे खरोखर भले इच्छिणारे शिक्षकही आहेत. त्यामुळे तो केवळ भांडवलदारांचा कावा म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. त्यात तथ्यांश आहे, आणि तो प्रथम मान्य केला पाहिजे.

वस्तुस्थिती अशी की आज पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण वसाहतीच्या फाटकाशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या पदवीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. कामगार पुरवणारा ठेकेदार त्याचे वय विचारतो, रात्रपाळी करशील का विचारतो आणि माल भरण्याच्या खात्यात रोजंदारीवर लावून देतो. तीन वर्षे रसायनशास्त्र शिकलेला मुलगा पिशव्या शिवतो. त्याचे आईबाप म्हणतात, ‘एवढे शिकून काय मिळाले?’ या प्रश्नात उद्दामपणा नाही, वेदना आहे. शेतीचा तुकडा गहाण टाकून, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ज्यांनी मुलाला शिकवले, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ असे सुभाषित त्यांच्या तोंडावर फेकणे हा ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांचा उद्धटपणा होय.

परंतु या तरुणाला जे शिकवले गेले ते सिद्धान्त होते काय? ज्याला आपण सिद्धान्त म्हणून नावे ठेवतो तो बहुतेक ठिकाणी परीक्षेपूर्वी महिनाभर आधी बाजारात येणाऱ्या मार्गदर्शिकेतील ठरावीक उत्तरांचा संच असतो. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरील शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावत अध्यापन उरकतात. प्रयोगशाळेत एका उपकरणाभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात आणि प्रयोगवहीतील आकडे मागील वर्षीच्या वहीतून उतरतात. बोईसर स्थानकात गाडी थांबताच जो दर्प नाकात शिरतो तो कशाचा, हे त्या परिसरात पदवी मिळवणाऱ्याला सांगता येत नाही. याला सिद्धान्ताचा अतिरेक कसे म्हणावे? येथे कौशल्याचा दुष्काळ आहे तसाच सिद्धान्ताचाही आहे. रोगाचे निदान चुकले की औषधही चुकते. उच्च शिक्षणात पुस्तक जास्त झाले, हे आजचे निदान असेच चुकलेले आहे.

शिक्षण जीवनापासून तुटलेले आहे ही तक्रार मुळात नवी नाही आणि ती उद्योगपतींनी शोधून काढलेलीही नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, त्यावेळचे उच्च शिक्षण कारकून आणि शाळामास्तर यांखेरीज काही घडवत नाही, अशा आशयाची टीका केलेली आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शेतीचे प्राथमिक ज्ञान व व्यवहाराला लागणारे शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजींची नई तालीम १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत पुढे आली तीही हाच धागा धरून. १९६६ साली कोठारी आयोगाने आपल्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली आणि त्याचबरोबर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असेही सांगितले. राज्यकर्त्यांनी कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात घातला, सहा टक्क्यांचे मात्र सोयीस्करपणे विसरले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फुल्यांनी व्यवहारोपयोगी शिक्षण मागितले ते अधिक शिक्षणाची मागणी म्हणून. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्याच निवेदनात आहे. आजचे कौशल्यवादी व्यवहारोपयोगी शिक्षण मागतात ते कमी शिक्षणाची सोय म्हणून. शब्द तेच राहिले, पण त्यांतील आशय उलटला आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९ ते २४ या वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीयांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले आहे, तर जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के व दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे, असा दाखला त्या धोरणाने दिला. महाराष्ट्रात त्यानुसार पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना झाली. व्यावसायिक कौशल्याचे विषय आले, क्षेत्रीय प्रकल्प आले आणि चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणही आले. कागदावर या गोष्टी वाईट नाहीत. परंतु त्या बोईसरच्या फाटकाशी येऊन पोचतात तेव्हा त्यांचे काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

बोईसर परिसरात ‘रिॲक्टर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक रिॲक्टर तारापूरच्या समुद्रकाठी, अणुवीज केंद्रात. दुसरा वसाहतीतील रासायनिक व औषधी कारखान्यांत. ज्यात द्रव्ये ओतायची, वाफ सोडायची, तापमान सांभाळायचे, ते पोलादी भांडे. या दोन रिॲक्टरांची कहाणी शेजारी शेजारी ठेवली, तर सिद्धान्त आणि कौशल्य यांचा संबंध काय असतो हे कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या ग्रंथाहून अधिक स्पष्टपणे कळते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. १९७४ साली पोखरणचा अणुस्फोट झाला आणि त्यानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधनाचा पुरवठा अडला, पुढे फ्रान्सशी करार करावा लागला. सुटे भाग व तांत्रिक साहाय्य यांचीही तीच गत झाली. आपल्या तंत्रज्ञांना केवळ ‘हे बटण दाबा, तो नळ फिरवा’ एवढेच शिकवलेले असते तर तारापूर त्याच दिवशी थंड पडले असते. ते पडले नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी परक्याने उभारलेले यंत्र आतून समजून घेतले, दुरुस्त केले, चालवले. मिश्र ऑक्साइडचे इंधन देशात तयार करून त्या भट्टीत वापरूनही दाखवले. हे शक्य झाले, कारण होमी भाभा यांनी १९५७ सालीच तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा काढून विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना पदार्थविज्ञानाच्या मूलतत्त्वांसह वर्षभर शिकवण्याची व्यवस्था केली होती. अणुऊर्जेच्या धोरणाविषयी, अक्करपट्टी व पोफरण या गावांनी तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी घरेदारे सोडताना जे भोगले त्याविषयी, आमचे आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. परंतु आणीबाणीच्या प्रसंगी माणसाला तारते ते ‘कसे’ नव्हे तर ‘का’, एवढा धडा तारापूरने दिलेला आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

आता दुसरा रिॲक्टर पाहू. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तारापूर वसाहतीतील एका औषधी कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगारांचे प्राण गेले. गळती नायट्रोजनची होती असे त्यावेळी वृत्तांत म्हटले होते. नायट्रोजन! शाळेतील मुलालाही ठाऊक असते की हवेत शंभरातील अठ्ठ्याहत्तर भाग हाच वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही; तो विषारीही नाही. आणि म्हणूनच तो घातक ठरतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूमुळे. प्राणवायू कमी पडल्याची तशी जाणीव होत नाही. बंदिस्त जागेत नायट्रोजन साठला आणि त्याने प्राणवायूला बाहेर ढकलले, तर आत उतरलेल्या माणसाला ठसका लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, धोक्याची कोणतीही सूचना मिळत नाही. चार-दोन श्वासांत तो कोसळतो. बाहेरचा सोबती त्याला काढण्यासाठी धावतो, तोही कोसळतो. अशा अपघातांत एकाच्या जागी तिघे-चौघे जातात, त्याचे एक कारण हे असते.

एखाद्या अल्पमुदतीच्या कौशल्यवर्गात नळ कोणत्या दिशेने फिरवायचा हे शिकवता येईल. परंतु ज्या वायूत आपण जन्मभर श्वास घेतो तोच वायू आपला जीव घेऊ शकतो, हे समजण्यासाठी वायूंचे मिश्रण, आंशिक दाब, श्वसनक्रिया, रक्तातील प्राणवायू यांची संगती लागावी लागते. तिलाच सिद्धान्त म्हणतात. रासायनिक रिॲक्टरमध्ये तापमान वाढू लागले की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते आणि एका मर्यादेपलीकडे ती कोणाच्याही हाती राहत नाही, हाही सिद्धान्तच. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे हद्दीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मृत्युमुखी पडले. त्याचे हादरे भोवतालच्या गावांना बसले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते, नुकसानभरपाई जाहीर होते, आणि पुढच्या सोमवारी ठेकेदार नवी माणसे आणून उभी करतो. त्या नव्या माणसांना ‘का’ हा प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आणि विचारण्याचा हक्क, दोन्ही नसतात.

ज्ञान आणि हक्क यांचा हा जोड मुद्दाम सांगितला पाहिजे. भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, घातक प्रक्रियेच्या कारखान्यात जीवाला तातडीचा धोका असल्याची शंका आल्यास तो मालकाच्या व सुरक्षा समितीच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारांना देण्यात आला. पण धोका ओळखता येण्यासाठी तो समजावा लागतो. ज्याला भांड्यात काय शिजते आहे हेच ठाऊक नाही, त्याला दिलेला हा हक्क आंधळ्याला दिलेल्या दिव्यासारखा आहे. म्हणून कष्टकऱ्याच्या मुलाला सिद्धान्त नको असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्याला प्रश्न विचारता येऊ नये असेच तो म्हणत असतो, मग त्याचा हेतू काहीही असो.

याच परिसरातील दुसरे उदाहरण घ्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिले आले. या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. खाडीतले मासे मेले, जाळी काळी पडली, हे मच्छीमारांना रोज दिसत होते. परंतु लवादापुढे डोळ्यांची साक्ष पुरत नाही. पाण्याची रासायनिक प्राणवायू-गरज किती, त्यात कोणती द्रव्ये किती प्रमाणात, याचे आकडे लागतात. ते आकडे मोजणारे हात आणि त्यांचा अर्थ लावणारे डोके नवापूर-मुरबे-सातपाटीच्या मुलामुलींचे का असू नये? पालघर-बोईसरच्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेत खाडीच्या व विहिरींच्या पाण्याचे नमुने महिन्याच्या महिन्याला तपासले, तर ते कौशल्यशिक्षणही होईल, सिद्धान्ताचे शिक्षणही होईल आणि नागरिकत्वाचेही. पण असे कौशल्य कारखानदारांच्या मागणीपत्रकात नसते. त्यांना हवा असतो तो नमुना तपासणारा, निष्कर्ष जाहीर करणारा नव्हे.

मार्क्सने १८६६ साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधींना जे मार्गदर्शन लिहून दिले, त्यात बौद्धिक, शारीरिक व तांत्रिक अशा तिन्ही शिक्षणांची सांगड घातलेली आहे. आणि तांत्रिक शिक्षण म्हणजे उत्पादनाच्या सर्व प्रक्रियांची सर्वसाधारण तत्त्वे व हत्यारे हाताळण्याचा सराव, दोन्ही मिळून, असे त्याचे म्हणणे आहे. ग्रामचीने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत पुढचा धोका सांगितला. गरिबांसाठी निरनिराळ्या धंदेशिक्षणाच्या शाळा काढणे वरवर लोकशाहीचे दिसते, परंतु त्याने समाजातील उच्चनीचता कायमची पक्की होते. कारण लोकशाहीचा अर्थ अकुशल माणूस कुशल व्हावा एवढाच नसून प्रत्येक नागरिक राज्यकारभार करण्यास लायक व्हावा असा आहे. आपल्याकडे जातिव्यवस्थेने हेच काम हजारो वर्षे केले. ज्ञान एकाकडे, हत्यार दुसऱ्याकडे; आणि दोघांची भेट होऊ नये याची धर्माज्ञेने तजवीज. जे सामाजिक विभाजन मोडण्यासाठी फुले-आंबेडकर झगडले, ते अभ्यासक्रमाच्या मार्गाने परत येत असेल तर सावध झाले पाहिजे. कौशल्याचा महिमा गाणाऱ्या मंत्र्यांची व उद्योगपतींची मुले कोठे शिकतात, एवढे पाहिले तरी पुरे. त्यांच्यासाठी अर्थशास्त्र, कायदा, गणित, परदेशी विद्यापीठे. वारल्याच्या मुलासाठी तीन महिन्यांचा वर्ग व प्रमाणपत्र.

वारकऱ्याला ज्ञानेश्वरी नांगरटीच्या कामाची नाही, असे मराठी मुलखात कोणी सांगितले नव्हते. केळवे-माहीमच्या मातीत जन्मलेल्या सोनोपंत दांडेकरांनी पुण्याच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले आणि तेच तत्त्वज्ञान कीर्तनातून शेतकऱ्यांपुढे मांडले. त्यांचे नाव पालघरच्या महाविद्यालयाला आहे. कष्टकऱ्याला तत्त्वविचार झेपत नाही, त्याला त्याची गरज नाही, हे मत बाहेरून आलेले आहे. आपल्या परंपरेतील नव्हे.

आता प्रशिक्षणाच्या नावाखाली कायद्याने काय दिले आहे ते पाहू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई एवढे सोडले, तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर त्याला कामावर घेण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ती गोष्ट मालकाने स्वतः ठरवायच्या धोरणावर सोपवली आणि कायदा मोडणाऱ्या मालकाची कैदेची शिक्षाही काढून टाकली. २०१९ च्या नियमांनी उमेदवारांचे प्रमाण मनुष्यबळाच्या १५ टक्क्यांपर्यंत नेण्यास मुभा दिली. विद्यावेतन पाच ते नऊ हजार रुपये ठरवले. पुढे २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास सहा हजार, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा पदविका असलेल्यास आठ हजार, पदवीधरास दहा हजार, आणि मुदत आरंभी सहा महिने. मुदत संपत आली तेव्हा हजारो तरुण रस्त्यावर आले. त्यांची मागणी एकच होती, आम्हांला कायम करा. सहा महिने कार्यालयात, शाळेत, कारखान्यात खरे काम केलेल्या माणसाला ‘तू शिकत होतास’ असे सांगून घरी पाठवता येते, ही या व्यवस्थेतील खरी ‘कुशलता’ आहे.

पदवीच्या अभ्यासक्रमातील कार्यप्रशिक्षणाचा धोका याहून सूक्ष्म आहे. तेथे विद्यार्थी विद्यावेतनावाचूनही श्रेयांकासाठी राबू शकतो. प्रमाणपत्रावर सही कारखान्याची. ती न मिळाली तर पदवी अडेल. अशा स्थितीत हातमोजे का नाहीत, भांड्यात उतरण्यापूर्वी प्राणवायू मोजला का, हे विचारण्याचे धैर्य वीस वर्षांच्या मुलीने कोठून आणावे? ज्या जर्मनीचा ७५ टक्क्यांचा आकडा आपल्या धोरणाने उद्धृत केला, तेथे १९६९ पासून व्यावसायिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. उमेदवाराशी लेखी करार होतो, त्याला आठवड्याचे काही दिवस व्यवसायशाळेत सिद्धान्त शिकावाच लागतो, आणि अभ्यासक्रम ठरवताना मालकांबरोबर कामगार संघटनांनाही स्थान असते. आपण जर्मनीचा आकडा घेतला. त्या आकड्यामागची कामगार संघटना मात्र घेतली नाही.

जिल्ह्यापुढे आणखी एक मोठे आमिष उभे आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार सुमारे बारा लाखांना, असे सांगण्यात आले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी, बागायतदारांनी, घरोघर दागिन्यांचे ठसे कोरणाऱ्या डायमेकरांनी या बंदराला विरोध केला; त्यांना आता बंदरासाठी कौशल्ये शिका, असा सल्ला मिळतो. ज्याच्या हातात ओहोटी-भरतीचे, माशांच्या थव्यांचे, वाऱ्याच्या दिशेचे ज्ञान आहे, ज्याचा हात पोलादावर केसाएवढी रेघ बिनचूक ओढतो, त्याला अकुशल ठरवून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवायचे आणि क्रेनखाली उभे करायचे, याला कौशल्यविकास म्हणावे की कौशल्यहरण? तारापूरच्या वेळीही रोजगाराची वचने दिली गेली होती. वचन देणाऱ्यांनी निदान त्या वेळचा हिशोब आधी मांडावा.

मग पर्याय काय? तो शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळेचा प्रयोग केला. वारल्यांची मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. परंतु तेथे नेऊन त्यांनी ‘उत्तम गुराखी कसे व्हावे’ हा वर्ग काढला नाही. भोवतालच्या झाडापानांतून, खड्या-बियांतून त्यांनी भाषा, गणित आणि निसर्गाची ओळख दिली. काम हा शिक्षणाचा आरंभ होता, त्याची सीमा नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा व शिका’ ही याच जातीची. तेथे मुले राबली ती पुस्तकापर्यंत पोचण्यासाठी. आज पुस्तक सोडून राबावे असा आग्रह आहे आणि त्याला प्रगती म्हटले जाते.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. महाविद्यालयांत हातकामाची, यंत्राची, क्षेत्रकार्याची जोड आलीच पाहिजे. ती सिद्धान्ताच्या जागी नव्हे, सिद्धान्ताला पाया म्हणून. त्यासाठी पुढील गोष्टी तातडीने व्हाव्यात. कार्यप्रशिक्षणास जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास विद्यावेतन, विमा आणि लेखी करार मिळावा. घातक प्रक्रियेच्या खात्यात प्रशिक्षणापूर्वी सुरक्षाविज्ञानाचे शिक्षण सक्तीचे असावे. कामगार कायदे, औद्योगिक आरोग्य व पर्यावरण यांचा अभ्यास प्रत्येक शाखेस असावा. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यासही आपल्या वेतनचिठ्ठीचा अर्थ लावता यावा, आणि जोडारी शिकणाऱ्यासही इतिहास कळावा. महाविद्यालयांतील व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. ज्या शिक्षकाची स्वतःची नोकरी तासागणिक आहे, तो रोजगाराचे शिक्षण काय देणार? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून पदवीकडे जाण्याचा मार्ग खराखुरा मोकळा असावा, म्हणजे एकदा हत्यार हाती घेतलेल्याला पुस्तकाचे दार कायमचे बंद होणार नाही. आणि स्थानिकांना रोजगार देण्याच्या धोरणाची अंमलबजावणी कंत्राटी हजेरीपटावर नव्हे, कायम कामगारांच्या पटावर मोजली जावी.

याबरोबर एक कबुलीही दिली पाहिजे. शिकाऊ उमेदवार आणि कंत्राटी तरुण यांना आपल्या कामगार संघटनांनीही बराच काळ दाराबाहेर ठेवले. कायम कामगाराच्या करारात उमेदवाराचे कलम क्वचितच आले. ज्या मुलाला संघटनेने हाक मारली नाही, त्याला ठेकेदाराने हाक मारली, यात त्या मुलाचा दोष नाही. वसाहतीच्या फाटकावरील संघटना आणि महाविद्यालयाच्या आवारातील विद्यार्थी चळवळ यांची भेट झाल्याखेरीज वरील मागण्यांतील एकही पदरात पडणार नाही.

१९४५ साली याच भूमीवर वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यांच्या हातांत कौशल्याची वाण नव्हती. गवत कापणे, झाडे तोडणे, भात लावणे यांत त्यांचा हात कोण धरणार होता? वाण होती ती या जाणिवेची, की वेठ हा निसर्गनियम नाही, माणसाने लादलेला अन्याय आहे आणि तो मोडता येतो. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने ती जाणीव आली, आणि त्याच हातांनी सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली. आज तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरीबाईंचे नाव आहे. त्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हाताला काम मिळालेच पाहिजे. पण बोईसरच्या रिॲक्टरपाशी उभी राहून ‘आत काय आहे, हे मला सांगितल्याशिवाय मी झाकण उघडणार नाही’ असे म्हणण्याइतके ज्ञान आणि बळही त्या पदवीने तिला दिले पाहिजे.